पंडिता रमाबाई : असेल ते कोणाला द्यावे?

अंबरनाथपासून उल्हासनगर, बदलापूरपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत निरनिराळ्या धर्मांची माणसे भिंतीला भिंत लावून राहतात. एकाच पाळीला कामावर जातात, एकाच नळावर पाणी भरतात. रविवारी सकाळी शेजारचे ख्रिस्ती कुटुंब चर्चला निघते, तेव्हा आई लहानग्याच्या मुठीत एक नाणे ठेवते. ते नाणे तो दानाच्या थैलीत टाकतो. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिवमंदिरापुढे रांग लागते. त्या मंदिराच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा काळ नोंदलेला आहे. इतकी वर्षे तेथे माणसे काही ना काही वाहत आली आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनीही खंडोबाला, मरीआईला कोंबडे वाहिले, नवस फेडण्यासाठी सावकाराचे कर्ज काढले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पूज्य बाबासाहेबांनी आपल्याला त्या सर्वांतून सोडविले.

आता घरातील शिकलेली मुले विचारतात, आपल्या आजीचे मरीआईला वाहणे आणि शेजारच्या ख्रिस्ती बाईचे थैलीत नाणे टाकणे, हे एकच की वेगळे? जवळचे थोडके देवाला वाहणे ही श्रद्धा की फसवणूक? या प्रश्नाला झटक्यात उत्तर देऊ नये. महाराष्ट्राच्या इतिहासात एक स्त्री अशी होऊन गेली, की तिच्या एकाच आयुष्यात या प्रश्नाची दोन्ही उत्तरे सापडतात. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई. (नवदीक्षित घरांतील लहान मुलांचा गोंधळ होऊ नये म्हणून सांगावेसे वाटते, की बाबासाहेबांच्या सहधर्मचारिणी माता रमाई वेगळ्या आणि या पंडिता रमाबाई वेगळ्या.)

सर्वस्व वाहिलेले घर

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे संस्कृत पंडित. मूळ घर दक्षिण कानडा जिल्ह्यातील. तरुणपणी ते पुण्यात शास्त्राध्ययनाला होते. दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात एका स्त्रीला संस्कृत शिकविले जात असल्याचे त्यांना तेथे कळले, आणि आपणही पत्नीला शिकवू असे त्यांनी मनाशी ठरविले. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले. स्त्रीने देववाणी शिकणे हा त्या काळी गुन्हाच! गावातील शास्त्रीमंडळींनी विरोध केला. अनंतशास्त्र्यांनी ग्रंथांचे आधार काढून दाखविले, पण गावात राहिले नाहीत. गंगामूळच्या अरण्यात त्यांनी घर बांधले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

स्त्रीला शिकविण्यात हा माणूस काळाच्या पुढे होता. पण देवधर्माच्या बाबतीत तो काळाचा पुरा बंदिवान होता. मूल सहा महिन्यांचे झाले आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. वेताच्या पेटीत घालून रमाबाईंना नेण्यात आले. त्यानंतर या कुटुंबाला घर असे उरलेच नाही. आज या क्षेत्री, उद्या त्या क्षेत्री. देवळाच्या ओवरीत बसून पुराण सांगायचे, ऐकणारे जे देतील त्यावर निर्वाह करायचा आणि उरेल ते ब्राह्मणभोजनाला, दक्षिणेला, देवाला द्यायचे. पोथी वाचण्याखेरीज दुसरे काम शिकायचे नाही, कारण हाताने काम करणे हे आपल्या जातीचे काम नव्हे! आईने रमाबाईंना पुराणातील हजारो श्लोक मुखोद्गत करविले. पण दोन पैसे मिळविण्याचे कोणतेही कसब या विद्वान घराने आपल्या मुलांना दिले नाही.

दुष्काळाची परीक्षा

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार? ज्यांना स्वतःलाच खायला नाही ते पुराणिकाला काय देणार? घरात होते ते संपू लागले. तेव्हा या कुटुंबाने काय केले? उरलेला पैसा धान्याला लावण्याऐवजी देवाला प्रसन्न करण्यासाठी लावला. व्रते केली, अनुष्ठाने केली, ब्राह्मणांना दाने दिली. पैसा संपल्यावर दागिने विकले, मग चांदीची भांडी, मग पितळेची आणि तांब्याची. शेवटी अंगावरच्या वस्त्रांपलीकडे काही राहिले नाही. देव प्रसन्न झाला नाही. दक्षिणा घेऊन गेलेले कोणी परत विचारायलाही आले नाहीत.

मग रानातला पाला आणि रानटी फळे खाऊन दिवस काढले. वृद्ध आणि दृष्टी अधू झालेल्या अनंतशास्त्र्यांनी तीर्थाच्या पाण्यात देह टाकण्याचे ठरविले. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला, की मी जातीचा अभिमान सोडतो आणि मजुरी करतो, पण आपण सारे जगू. घरात हा विचार पहिल्यांदा बोलला गेला, पण फार उशीर झाला होता. वडील उपासमारीने गेले. थोड्याच महिन्यांत आई गेली, थोरली बहीणही गेली. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. जन्मभर ज्यांना अन्न घातले त्या जातीतले दोघे कसेबसे तयार झाले, आणि उंचीने कमी असलेल्या रमाबाईंना तिरडीचा भार डोक्यावर घेऊन स्मशानापर्यंत चालावे लागले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. या घराने देवाला काही कमी वाहिले होते काय? सारे वाहिले. श्रद्धेत खोट होती काय? मुळीच नव्हती. पण वाहिलेले गेले कोठे? ते आधीच पोट भरलेल्यांच्या पदरात पडले, आणि देणारे घर उपाशी मेले.

पायी चाललेला देश

रमाबाई आणि श्रीनिवास उरले. दोघे भावंडे हजारो मैल पायी फिरली. पंजाबात कडाक्याच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही, म्हणून नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांत रात्र काढली. प्रत्येक तीर्थ पाहिले, आणि तीर्थातल्या पाण्याने काही होत नाही हेही पाहिले. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांच्या या मुलीचे संस्कृत ऐकून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

कलकत्त्यात रमाबाईंनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. आतापर्यंत कानांवर श्लोक पडत होते, आता अर्थाकडे लक्ष गेले. त्यांना दिसले, की हे ग्रंथ एकमेकांशी शेकडो बाबतींत भांडतात, परंतु एका गोष्टीवर त्यांचे अगदी एकमत आहे. स्त्री, मग ती कोणत्याही जातीची असो, जात्याच वाईट, आणि शूद्राप्रमाणे तिलाही मोक्षाचा अधिकार नाही. नवऱ्याची सेवा हाच तिचा धर्म. हे वाचून रमाबाईंचा त्या ग्रंथांवरचा विश्वास उडाला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ज्या ग्रंथाचे दहन झाले, तो मनूचा ग्रंथही या परंपरेतलाच. ब्राह्मण घरातील एका स्त्रीने त्याच्या आधी अर्धे शतक तो परंपरेचा अंधार स्वतःच्या डोळ्यांनी वाचून ओळखला होता, हे आपण विसरू नये.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. ते ब्राह्मणांच्या लेखी शूद्र. विवाह नोंदणी पद्धतीने झाला. जातिभेदावर व्याख्याने देणारे पुष्कळ असतात. रमाबाईंनी जात मोडून दाखविली. १८८१ मध्ये मनोरमा ही मुलगी झाली, आणि १८८२ च्या आरंभी पटकीच्या आजाराने पती वारले. चोविसाव्या वर्षाच्या आत आई, बाप, बहीण, भाऊ आणि पती असे सारे गेले. हाती उरले एक तान्हे मूल आणि डोक्यातील विद्या.

धर्मांतर आणि जोतीराव

रमाबाई पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर हवेत अशी मागणी केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि वैद्यक शिकण्याच्या इराद्याने १८८३ मध्ये मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यक शिकता आले नाही. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. त्या भगिनींनी चालविलेले लंडनमधील एक आश्रयगृह त्यांनी पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना तेथे मायेने वागविले जात होते. अशा स्त्रीला शास्त्रांनी कोणती शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना पाठ होते. येशूने एका शोमरोनी बाईशी, परक्या आणि तुच्छ मानलेल्या जमातीच्या बाईशी, विहिरीवर पाणी मागून संभाषण केले ही कथा त्यांनी तेव्हा समजून घेतली. विहिरीवरच्या पाण्याची कथा आपल्याला निराळी सांगायला नको! २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहान मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. कालपर्यंत त्यांना सरस्वती म्हणणारे आज त्यांना धर्मबुडवी म्हणू लागले. पण पुण्यातील एक माणूस त्यांच्या बाजूने उभा राहिला. ते महात्मा जोतीराव फुले. १८८५ मध्ये त्यांनी ‘सत्सार’ ही पुस्तिका काढून रमाबाईंच्या धर्मांतराचा कैवार घेतला. जोतीराव स्वतः ख्रिस्ती झाले नाहीत. तरीही ज्या धर्मात स्त्रीला आणि शूद्राला माणूस मानले जात नाही तो धर्म शिकलेल्या स्त्रीने सोडला तर दोष स्त्रीचा कसा, हे त्यांनी समाजाला खडसावून विचारले. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानले त्या जोतीरावांची ही भूमिका आपल्याला वाट दाखविणारी आहे.

धर्म बदलला म्हणून रमाबाईंनी आपली बुद्धी मठाच्या दारात ठेवली नाही. चर्चमधील वडीलधाऱ्या मंडळींशी त्यांचा पत्रांतून सतत वाद चाले. एखादे तत्त्व पटले नाही तर त्या स्पष्ट लिहीत. पोशाख त्यांनी देशी ठेवला, आहार शाकाहारी ठेवला. गळ्यातील क्रूसावर आपल्या बायकांना न कळणारी लॅटिन अक्षरे कशाला, असाही त्यांचा प्रश्न होता. एका पुरोहितवर्गाच्या तावडीतून सुटून दुसऱ्याच्या तावडीत जायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

शारदा सदन

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. भारतातील उच्चवर्णीय स्त्रियांच्या दुःखावर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये निघाले. बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी संस्था स्थापन झाली आणि दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविले गेले. धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. शारदा सदन प्रथम उच्चवर्णीय विधवांसाठीच होते. तेथे मुलींना आपापले जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. आपल्या आया-बहिणींसाठी ते दार तेव्हा उघडे नव्हते. इतकी सवलत देऊनही सनातन्यांचे समाधान झाले नाही. रमाबाई सकाळी स्वतःची प्रार्थना करीत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तेथे जाऊन बसत. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. वर्तमानपत्रांनी झोड उठविली, सल्लागार मंडळातील नामवंत सुधारकांनी राजीनामे दिले आणि पालकांनी मुली काढून नेल्या. सुधारकांची सुधारणा जातीच्या कुंपणापाशी थबकली. रमाबाईंना उमगले, की दुसऱ्याच्या मर्जीवर उभे केलेले घर त्याची मर्जी फिरताच पडते.

केडगावची भाकरी

आपल्या अंबरनाथवरून जी लोहमार्गाची वाट कर्जतचा घाट चढून पुण्याला आणि पुढे दौंड-सोलापूरला जाते, तिच्यावर दौंडच्या अलीकडे केडगाव हे स्टेशन आहे. तेथे रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. विहिरी खणाव्यात, फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन स्वावलंबी व्हावे हा हेतू. जमीन ओसाडच होती.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बातम्या वाचताच रमाबाईंना आपले आईबाप डोळ्यांपुढे दिसले. त्या स्वतः तेथे गेल्या. अनाथ झालेल्या, हाडांचा सापळा झालेल्या मुली. त्यांना हेरीत फिरणारे दलाल. आणि मदतकेंद्रांतही सुरक्षित नसलेल्या तरण्या पोरी त्यांनी पाहिल्या. आता करायचे काय? शारदा सदनासाठी येणारा पैसा त्या कामापुरता ठरलेला. या मुलींसाठी कोणाची हमी नाही, पेटीत शिल्लक नाही. हिशेबी माणूस म्हणाला असता, आधी निधी जमू द्या. रमाबाईंनी ठरविले, की जे आहे ते देवाच्या हाती सोपवायचे आणि मुली घेऊन यायच्या. एकेक करीत त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून या मुलींना केडगावच्या उघड्या माळावर, तंबूंत आणि झोपड्यांत ठेवले.

याच १८९७ सालच्या मार्चमध्ये, पुण्यात प्लेगने पछाडलेल्या एका अस्पृश्य मुलाला उचलून दवाखान्यात नेताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. एक देव मानून आपले सर्वस्व देणारी आणि दुसरी सत्यशोधकाच्या निष्ठेने आपला प्राण देणारी, अशा या दोघी. श्रद्धेचे नाव निराळे होते, पण दोघींच्या हातांत होते ते माणसाचे मूलच. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णालयातील बेबंद कारभाराविरुद्ध रमाबाईंनी वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. सरकारला ते झोंबले.

२४ सप्टेंबर १८९८ रोजी केडगावच्या वास्तूचे उद्घाटन झाले. तिचे नाव ‘मुक्ती’. अमेरिकेतील संस्थेची दहा वर्षांची हमी त्याच वर्षी संपली. त्यानंतर रमाबाईंनी ठरावीक वर्गणीवर भरवसा ठेवला नाही. रोजची गरज रोज देवापुढे मांडायची आणि येईल त्यात भागवायचे. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या, आणि मुक्तीतील माणसांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. दोन हजार तोंडे, आणि उद्याच्या धान्याची खात्री नाही! या वेळी मात्र जातीची अट उरली नव्हती. शारदा सदनाला जे जमले नव्हते ते भुकेने जमविले. निरनिराळ्या जातींच्या मुली एका पंगतीला बसल्या.

देवावर भार, पण हात रिकामे नाहीत

कोणी म्हणेल, हे तर वडिलांसारखेच झाले, सारे देवावर टाकायचे! फरक येथेच आहे. अनंतशास्त्र्यांनी देवावर भार टाकला आणि हात जोडून बसले, कारण काम करणे त्यांच्या जातीला मंजूर नव्हते. रमाबाईंनी देवावर भार टाकला आणि दोन हजार जोड्या हातांना काम दिले. मुक्तीत विहिरी खणल्या गेल्या, शेती पिकली, गाईगुरे पाळली गेली. मुलींनी विणकाम, शिवण, तेलघाणा, धुलाई, भाकरी-पाव भाजणे ही कामे उचलली. छापखाना निघाला आणि टंक जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतचे काम बायका करू लागल्या. अंध मुलींसाठी निराळे सदन होते. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून त्यांना वाचायला शिकविले. वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन होते, समाजाने वाममार्गी ठरविलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. ज्या घरात रमाबाईंना कसब मिळाले नव्हते, त्या घराची उणीव त्यांनी दोन हजार मुलींच्या बाबतीत भरून काढली.

येशूच्या चरित्रात एक कथा आहे. यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर तो बसला होता. श्रीमंत लोक पुष्कळ टाकीत होते. एक गरीब विधवा आली आणि तिने दोन दमड्या टाकल्या. तेव्हा त्याने शिष्यांना सांगितले, की सर्वांत अधिक हिनेच दिले, कारण इतरांनी उरलेल्यातून दिले आणि हिने आपली सारी उपजीविका दिली. ही कथा ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु तिच्या अगदी आधी काय आहे, ते पुष्कळांच्या ध्यानात नसते. लांब झगे घालून मिरविणारे आणि विधवांची घरे गिळून टाकणारे जे शास्त्री, त्यांच्यावर येशूने तेथे कोरडे ओढले आहेत. हे दोन्ही एकत्र वाचावे. विधवेचे देणे थोर, आणि ते गिळणारा शास्त्री अपराधी. अनंतशास्त्र्यांच्या घराचे सर्वस्व कोणी गिळले आणि रमाबाईंचे सर्वस्व कोणाच्या ताटात पडले, याचा निवाडा या एका कथेत आहे.

आपल्या बौद्ध वाङ्मयातही पुण्णा नावाच्या दासीची कथा आहे. रात्री कांडण करून उरलेल्या कण्यांची तिने भाकरी भाजली होती. ती तिने भिक्षेसाठी निघालेल्या भगवान बुद्धांच्या पात्रात घातली. एवढे हलके अन्न हे घेतील का, अशी शंका तिच्या मनात आली. बुद्धांनी तिच्यासमोर बसून ती भाकरी खाल्ली. तिथे देव नव्हता, वर नव्हता, नवस नव्हता. दिलेले अन्न एका माणसाच्या पोटात गेले, आणि देणाऱ्या दासीला माणसाचा मान मिळाला.

अखेरची वर्षे

रमाबाईंच्या कामावर आक्षेपही आहेत आणि ते टाळू नयेत. दुष्काळात वाचविलेली भुकेली पोर पुढे ख्रिस्ती होते, तेव्हा त्यात तिची स्वतंत्र निवड किती, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. तो रास्त आहे. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि प्रत्यक्ष दीक्षा १९५६ मध्ये घेतली. मधल्या एकवीस वर्षांत निरनिराळ्या धर्मांचे लोक त्यांच्याकडे आले. त्यांनी सर्व धर्म तपासले आणि आपल्या माणसांना विचार करायला अवधी दिला. धर्मांतर पोटासाठी नसावे, स्वाभिमानासाठी आणि बुद्धीला पटून असावे, हा आपला दंडक आहे. रमाबाईंचे स्वतःचे धर्मांतर या कसोटीला पुरेपूर उतरते. मुक्तीतील प्रत्येक मुलीविषयी तसे म्हणता येणार नाही. परंतु त्या मुलींसाठी समाजाने दुसरे कोणते दार उघडे ठेवले होते, हा प्रश्नही त्याबरोबरच विचारावा लागतो. त्यांना वाचवायला कोणी गेले नाही. धर्म बुडाला म्हणून ओरडायला मात्र पुष्कळ आले.

अखेरची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या भाषांतराला दिली. आधीची भाषांतरे संस्कृतप्रचुर. खेड्यातील बाईला कळावीत अशी नव्हती. म्हणून संस्कृतची ही पंडिता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि तिने सोप्या, बोलत्या मराठीत भाषांतर केले. ज्या विद्येने पदव्या मिळाल्या तिचा तोरा सोडून बाईमाणसाच्या बोलीत उतरणे हेही समर्पणच. टंक जुळविणाऱ्या होत्या मुक्तीतल्याच स्त्रिया. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आपल्या मागे काम सांभाळील म्हणून जिच्याकडे पाहिले तीच एकुलती मुलगी आधी गेली. तरी रमाबाईंनी भाषांतर सोडले नाही. ते काम पुरे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावला त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले.

आपल्या घरासाठी

आपण ईश्वर मानीत नाही. रमाबाईंचा देव आपला नव्हे, आणि तो आपला करून घेण्याचे कारणही नाही. तथापि त्यांचे जीवन आपल्या घरात सांगण्यासारखे आहे. नवा धर्म स्वीकारणे एका दिवसाचे असते. अंगावर शुभ्र वस्त्र घातले, वंदना म्हटली, झाले. पण आपल्याजवळचे थोडके आता कोणाच्या ताटात जाते, यावरून घराचे खरे धर्मांतर ओळखावे. देव्हाऱ्यातले देव काढले, पण लग्नात कर्ज काढून मानपान केले, तर जुन्या देवाची दक्षिणा नव्या नावाने चालू राहिली. उलट पगारातले चार पैसे वस्तीतल्या शिकणाऱ्या पोरीच्या पुस्तकाला दिले, विहारात अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी दिव्याचे तेल दिले, तर ते दान पुण्णाच्या भाकरीइतके मोलाचे आहे. विहारासाठी वर्गणी देतानाही तिचा हिशेब मागावा. हिशेब मागणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. हिशेब न मागितल्यामुळेच अनंतशास्त्र्यांचे घर बुडाले.

शेजारचे ख्रिस्ती मूल रविवारी नाणे घेऊन निघाले, तर त्याला हसू नये. ते नाणे पुढे कोणाच्या भाकरीला लागते हे त्याने मोठेपणी विचारावे, आणि आपल्या मुलांनीही आपल्या नाण्याविषयी तेच विचारावे. एवढे शिकविले तरी रमाबाईंचे चरित्र आपल्या घरात वाचल्याचे सार्थक होईल.